पीळ नळीचा, मागणी गोळीची

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगरी तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांच्या या मुलखात तिरकमठा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, तरी वारली चित्रांत धनुष्य ताणून उभा असलेला माणूस आजही दिसतो. त्याच्या बाणाची घडण नीट समजून घेतली, तर उडणाऱ्या वस्तूच्या स्थिरतेचे निम्मे शास्त्र तिथेच हाती लागते. पुढे जड लोखंडी फाळ, मधे हलकी काडी आणि शेपटीला पिसे. वजन पुढे, हवेचा अडथळा मागे. उडताना बाण जरा तिरका झाला की हवा पिसांना ढकलते आणि बाण पुन्हा सरळ होतो. रायफलच्या गोळीत ही मांडणी नेमकी उलटी असते. गोळीचे टोक निमुळते आणि मागचा भाग भरीव असतो, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य मागच्या बाजूला असतो. हवेचा एकत्रित दाब ज्या बिंदूवर पडतो असे मानता येते, तो दाबमध्य मात्र गुरुत्वमध्याच्या पुढे असतो. अशी गोळी तसूभर तिरकी झाली तरी हवा तिला आणखी तिरकी करते. म्हणजे बाण आपल्या घडणीनेच स्थिर असतो, तर लांब गोळी आपल्या घडणीनेच अस्थिर असते. तिला सरळ ठेवण्यासाठी बंदुकीच्या नळीत पिळाच्या खाचा पाडतात. हा पीळ किती असावा, याबद्दल जितका घट्ट तितका उत्तम अशी एक सोपी समजूत आहे. ती चुकीची आहे. पीळ म्हणजे बंदुकीच्या ताकदीचे माप नाही. गोळीची लांबी, तिच्यातल्या वजनाची वाटणी आणि ती ज्यातून जाणार ती हवा, ही तिन्ही मिळून नळीकडे जी मागणी करतात, ती पिळाच्या आकड्यात दिसते.

मग लांब गोळी हवीच कशाला? पूर्वी ती नव्हतीच. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केले, असे या भागात परंपरेने सांगितले जाते. त्या काळच्या बहुतेक तोड्याच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि तिच्यातून शिशाची वाटोळी गोळी सुटे. गोलाला पुढचे-मागचे टोक नसल्याने तो उलटण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही तो नेमका जात नसे. नळीतून घासत येताना गोळीला कोणत्या तरी आडव्या अक्षाभोवती फिरकी मिळे. हा अक्ष दर वेळी वेगळा असे, आणि फिरत्या गोलाला हवा एका बाजूला ढकलत असल्याने प्रत्येक गोळी वेगळीकडे वळे. इंग्लंडचा गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स याने हे कारण प्रयोगाने दाखवले. तोफगोळ्यांच्या शास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १७४२ चा, आणि पिळाच्या खाचा असलेल्या नळ्यांवरचा निबंध त्याने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे वाचला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. वाटोळ्या गोळीचा दुसरा दोष वजनाचा होता. हवेचा अडथळा मुख्यतः समोरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि तो अडथळा कापण्याची क्षमता वजनावर. तोंड तेवढेच ठेवून वजन वाढवायचे, तर गोळी लांब करण्यावाचून मार्ग नाही. अंतर कापण्यासाठी लांबी हवी आणि लांबीबरोबर अस्थिरता येते. पिळाचे सगळे गणित या पेचातून निघते.

या पेचावरचा उपाय जव्हारच्या कुठल्याही पाड्यावर भोवरा खेळणाऱ्या मुलाला ठाऊक असतो. लोखंडी आरीवर उभा केलेला भोवरा सोडताच आडवा पडतो, पण फिरवून सोडला तर गुरुत्वाकर्षण त्याला पाडायला बघत असतानाही तो उभा राहतो. फिरणाऱ्या वस्तूला एका दिशेने ढकलले की ती त्या दिशेने न पडता काटकोनातल्या दिशेने सरकते. म्हणून भोवरा पडायच्या ऐवजी डुलतो, त्याचा माथा हवेत वर्तुळ काढतो. भौतिकशास्त्रात या डुलण्याला परांचन म्हणतात. गोळीचेही असेच घडते. हवा तिचे टोक वर उचलू पाहते, पण फिरकीमुळे टोक वर न जाता बाजूला सरकते आणि उड्डाणाच्या दिशेभोवती एक लहानसा शंकू रेखते. फिरकी पुरेशी असेल तर हा शंकू आक्रसत जातो आणि गोळी निमूट टोक पुढे करून जाते. फिरकी अपुरी असेल तर शंकू रुंदावतो, गोळी कोलांट्या खाऊ लागते आणि लक्ष्याच्या कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट चीर पडते. या दोन अवस्थांमधली सीमा एका गुणोत्तराने सांगता येते. त्याच्या एका बाजूला फिरकीने आलेला प्रतिकार आणि दुसऱ्या बाजूला हवेचा उलटवणारा जोर असतो. हे गुणोत्तर १ च्या खाली गेले की गोळी अस्थिर होते. प्रत्यक्षात ते १.४ ते १.५ च्या आसपास राहावे असे रचनाकार पाहतात, म्हणजे थंडी, पाऊस, काडतुसांतला फरक या सगळ्यांना सामावून घेता येते.

इथे एक लोकप्रिय कल्पना आड येते. खाचांमुळे गोळी ड्रिलसारखी हवा भोसकत जाते, असे पुष्कळांना वाटते. आकडे ते खोटे ठरवतात. भारतीय लष्कराची इन्सास ही ५.५६ मिलिमीटरची रायफल पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने रचली. तिच्या नळीचा पीळ २०० मिलिमीटरला एक फेरा असा आहे. गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते, म्हणजे ती सेकंदाला ४,५०० फेरे घेते, मिनिटाला दोन लाख सत्तर हजार. हा आकडा अचाट वाटतो, पण तेवढ्याच वेळात ती पुढे किती जाते ते पाहिले पाहिजे. एक फेरा पुरा होईपर्यंत गोळी वीतभर पुढे सरकलेली असते. ड्रिलच्या पात्याचे काम असे होत नाही. आणि फिरकीत गुंतलेली ऊर्जा साध्या गणिताने पाच-सहा ज्यूल भरते, पुढे जाण्याची ऊर्जा मात्र सोळाशे ज्यूलच्या घरात असते. फिरकीचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी. घट्ट पिळामुळे बंदुकीचा जोर वाढतो किंवा बराच खर्ची पडतो, हे दोन्ही समज या एका तुलनेने निकालात निघतात. फिरकी दिशा राखते आणि तेवढेच तिचे काम आहे.

पीळ किती हवा, याचा पहिला हुकमी ठोकताळा १८७९ साली वूलविच येथे तोफखाना अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी दिला. त्याला कागदाचा एक चिठोराही पुरतो. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते काढायचे आणि १५० ला त्या संख्येने भागायचे. जे उत्तर येईल तितक्या व्यासांच्या अंतरात गोळीने एक फेरा पुरा करावा. गोळी फार वेगवान असेल तर १५० च्या जागी १८० धरतात. हा ठोकताळा किती चालतो ते आपल्याच उदाहरणांवर पडताळता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि काडतूस असते पॉइंट टू टू. त्यातल्या शिशाच्या गोळीचा व्यास ५.७ मिलिमीटर आणि लांबी त्याच्या जेमतेम दुप्पट. १५० ला २ ने भागले की ७५ व्यास, म्हणजे सुमारे ४२७ मिलिमीटर. अशा रायफलींचा प्रचलित पीळ १६ इंचांना एक फेरा, म्हणजे ४०६ मिलिमीटर असतो. आता इन्सासची गोळी घ्या. व्यास जवळजवळ तोच, पण लांबी २३ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या चौपट. १५० धरून उत्तर येते २११ मिलिमीटर आणि १८० धरून सुमारे २५०. पण या गोळीच्या टोकात शिशापेक्षा हलके पोलाद असल्याने तिची सरासरी घनता कमी पडते, म्हणून सैल टोकाकडे न जाता २०० मिलिमीटर ठरवलेले दिसते. दोन्ही नळ्यांचे भोक जवळजवळ सारखे असूनही पीळ दुपटीने वेगळा आहे, आणि या फरकाचे मूळ मुख्यतः लांबीत आहे.

वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त महत्त्व असते, हे भारताच्या इतिहासाशी जोडलेल्या एका बंदुकीवरून कळते. १८५७ च्या उठावाला ठिणगी देणारी चरबी लावलेली काडतुसे १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची होती. काडतुसाच्या कागदावरची चरबी गोळी नळीच्या तोंडाकडून ठासताना वंगणाचे काम करी. या रायफलीचा पीळ ७८ इंचांना एक फेरा होता आणि नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत फक्त अर्धा फेरा घेई. ग्रीनहिल यांचा ठोकताळा त्या गोळीला साधारण सव्वा मीटरला एक फेरा मागतो आणि तिला मिळत होता जवळपास दोन मीटरला एक. तरी ती चाले, कारण तिचा मागचा भाग पोकळ होता. पोकळीमुळे वजन पुढे सरकले होते, म्हणजे बाणाचा थोडा गुण गोळीत आला होता. पण हा गुण थोडाच होता. जोसेफ व्हिटवर्थ यांनी लहान भोकाची, अधिक लांब गोळीची आणि २० इंचांना एक फेरा अशा घट्ट पिळाची रायफल बनवली, आणि १८५७ मध्येच इंग्लंडात हाईथ येथे झालेल्या चाचण्यांत दूरच्या पल्ल्यावर तिने एन्फिल्डला मागे टाकले.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की पीळ बदलण्यापेक्षा बारूद वाढवावी. वेग वाढला की फिरकीही वाढेल आणि गोळी आपोआप स्थिर होईल. पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध खरा नाही. वेग दुप्पट झाला तर फिरकी दुप्पट होते आणि तिचा प्रतिकार वर्गाच्या प्रमाणात चौपट होतो. पण हवेचा उलटवणारा जोरही वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोही चौपट. गुणोत्तर जवळपास होते तिथेच राहते. वेगाने थोडी मदत होते, कारण ध्वनीच्या वेगाच्या बऱ्याच वर गेल्यावर उलटवणाऱ्या जोराचे प्रमाण काहीसे उतरते. १५० च्या जागी १८० धरण्यामागचे कारण हेच. पण ही मदत तोकडी आहे. पिळाच्या बाबतीत मात्र फेऱ्याचे अंतर निम्मे केले की स्थिरतेचे गुणोत्तर सरळ चौपट होते. याच तर्काचा दुसरा परिणाम मोठा सुखावणारा आहे. नळीतून सुटल्यावर गोळीचा पुढे जाण्याचा वेग हवेमुळे झपाट्याने कमी होतो, फिरकी मात्र फार हळू ओसरते. त्यामुळे फिरकीने मिळालेली स्थिरता वाटेत वाढतच जाते आणि खरी परीक्षा नळीच्या तोंडाशीच होते. अपवाद ध्वनीच्या वेगाच्या आसपासचा. तिथे हवेचे दाब चंचल होतात आणि आधी स्थिर असलेली गोळीही डगमगू शकते. स्पर्धेची पॉइंट टू टू काडतुसे सुरुवातीपासूनच ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची ठेवतात, त्यामागे हा टापू टाळण्याचा विचार असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घट्ट पिळाने गुणोत्तर चौपट होत असेल आणि ऊर्जा अर्धा टक्काही खर्चत नसेल, तर सगळ्याच नळ्यांना घट्ट पीळ का देऊ नये? कारण कुठलीही गोळी अगदी काटेकोर घडत नाही. समजा, एखाद्या गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून मिलिमीटरच्या फक्त शंभराव्या भागाएवढा सरकलेला आहे. नळीत असताना तो भाग जबरदस्तीने अक्षाभोवती फिरवला जातो आणि नळी सुटताच स्पर्शरेषेत बाहेर फेकला जातो. सेकंदाला ४,५०० फेऱ्यांवर ही आडवी फेक सेकंदाला सुमारे २८ सेंटिमीटरची होते. शंभर मीटर जायला गोळीला सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो, तेवढ्यात ती तीन सेंटिमीटरहून अधिक हटते. पीळ दुप्पट घट्ट केला तर हटणेही दुप्पट होते. नसलेला दोष पीळ निर्माण करत नाही, पण असलेला वाढवून दाखवतो. शिवाय फिरकी गरजेच्या फार पुढे गेली, तर पातळ कवचाच्या गोळ्या हवेत फुटतात, आणि उंच कोनात मारलेला तोफगोळा खाली उतरताना आपले टोक मार्गाबरोबर खाली वळवत नाही. फिरकीची आणखी एक किंमत मोजावी लागते. गोळीचा मार्ग खाली वाकत असताना तिचे टोक किंचित एका बाजूला राहते, म्हणून उजव्या पिळाची गोळी उजवीकडे आणि डाव्या पिळाची डावीकडे सरकते. हजार मीटरवर हे सरकणे वीतभर भरू शकते. एकेकाळी आपल्या पोलिसांच्या हाती सर्वत्र दिसणारी थ्री नॉट थ्री रायफल डाव्या पिळाची होती. थोडक्यात, पीळ गरजेपेक्षा थोडा अधिक असावा, तो शहाणपणाचा राखीव साठा आहे. पण त्यापुढचा प्रत्येक जादा फेरा अचूकतेतून वसूल केला जातो.

नळीकडे मागणी करणारा तिसरा घटक हवा, आणि पुष्कळदा तोच विसरला जातो. उलटवणारा जोर हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो, म्हणून तीच नळी आणि तीच गोळी एका ठिकाणी स्थिर आणि दुसऱ्या ठिकाणी अस्थिर ठरू शकते. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचा मूळ पीळ १४ इंचांना एक फेरा होता. नेहमीच्या हवेत तो जेमतेम पुरे, पण कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या विस्कटू लागल्या. उणे ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे चोवीस टक्के दाट असते. १९६३ मध्ये पीळ १२ इंचांवर आणला गेला. पुढे लांब गोळ्या आणि त्याहून लांब, उजेडाने मार्ग दाखवणाऱ्या (ट्रेसर) गोळ्या आल्या तेव्हा तो ७ इंचांपर्यंत घट्ट करावा लागला. आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. साडेपाच हजार मीटर उंचीवरची सियाचीनसारखी जागा थंड असली, तरी तिथली हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच दाट असते, म्हणून गोळी तिथे अधिक स्थिर राहते. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. तिथे उंचीने घनता साधारण चार टक्क्यांनीच उतरते. पण थंडीतली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४० अंशांची दुपार यांच्यात दहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे ऋतूचा परिणाम डोंगराच्या उंचीपेक्षा मोठा. या प्रचंड पावसाच्या प्रदेशात सहज पटणारी एक समजूत म्हणजे पावसाळी हवा जड असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्याने दमट हवा तितक्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी भरते. हा फरक इतका थोडा आहे, की पिळाच्या हिशेबात तो सोडून दिला तरी चालतो.

एवढे सगळे मान्य केल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत मूलगामी आहे. गोळीलाही पिसेच का लावू नयेत? लहान शस्त्रांत ती परवडत नाहीत. पिसे नळीत मावत नाहीत, हवेचा अडथळा वाढवतात आणि लाखोंच्या संख्येने स्वस्तात घडवायच्या वस्तूला नाजूक करतात. पण फिरकीलाही मर्यादा आहे. लांबी व्यासाच्या सहा-सात पटींपलीकडे गेली, की लागणारा पीळ इतका घट्ट होतो की तो व्यवहारात पेलत नाही. रणगाड्याचे कवच भेदणारे बाण व्यासाच्या दहापटीहून अधिक लांब असतात आणि त्यांना शेपटीला पंखच लावावे लागतात. याचे बोलके उदाहरण म्हणजे अर्जुन रणगाडा. त्याची १२० मिलिमीटरची तोफ एआरडीईनेच घडवली आणि तिच्या नळीत पिळाच्या खाचा आहेत. त्याच तोफेतून पंखांचा बाणही डागतात. तेव्हा खाचांची फिरकी बाणाला नको असते, म्हणून त्याच्याभोवती घसरणारी कडी बसवतात. खाचा कडीला फिरवतात आणि बाणाला फारशी फिरकी मिळत नाही. एकाच नळीतून एका गोळ्याला फिरकी द्यायची आणि दुसऱ्याला नाकारायची, यातून पिळाचे खरे स्वरूप उघड होते. स्थिरतेचे दोन मार्ग आहेत. आखूड वस्तूला फिरकी स्वस्त पडते आणि लांब वस्तूला पिसे. तिरकमठ्याचा बाण मागासलेल्या हत्याराचा नमुना आणि रायफलची गोळी प्रगतीचा, अशी उतरंड लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांनी पुढे फाळ आणि मागे पिसे बसवली, त्यांनी एका यांत्रिक प्रश्नाचे पूर्ण आणि बरोबर उत्तर काढले होते, आणि आजच्या सर्वांत आधुनिक तोफेला त्याच उत्तराकडे यावे लागले.

म्हणून नळीवर किंवा माहितीपत्रकात 'इतक्या अंतराला एक फेरा' असा आकडा दिसला, तर त्याला एकटे पाहून चांगला-वाईट ठरवता येत नाही. ४०६ मिलिमीटरचा पीळ स्वप्नील कुसाळे यांच्या काडतुसाला नेमका आहे आणि इन्सासच्या गोळीला निरुपयोगी. इन्सासचे २०० मिलिमीटर छोट्या शिशाच्या गोळीला विनाकारण जास्त आहेत. आकडा पाहिला की तीन प्रश्न विचारावेत. गोळी व्यासाच्या किती पट लांब आहे, तिचे वजन पुढे आहे की मागे, आणि ती किती दाट हवेतून जाणार आहे. हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. पट्टी, भागाकार आणि थोडा धीर पुरतो. हा भागाकार मोखाड्यातल्या आश्रमशाळेच्या वर्गातही फळ्यावर करून दाखवता येईल, आणि तिथल्या मुलांना तो परका वाटण्याचे काही कारण नाही. वस्तूचे वजन कुठे आहे आणि हवा तिला कुठे धरते, हे जाणून तिची घडण करणे म्हणजे यंत्रशास्त्र. ते शिकवताना पाठ्यपुस्तकाने भोवरा, बाण आणि गोळी या तिन्हींना एका ओळीत उभे करावे, कारण निसर्गाचा नियम तिघांना एकच आहे.